एका कस्टमरची गाठ

"मॅडम, एक विचारू?" माधुरीने मॅडमच्या गाऊनची नाडी जरा आवळून बांधली आणि तळहातावर क्रीम घेतलं.

डॉक्टर सुलक्षणा रेगे डोळे मिटून पडल्या होत्या. घाटकोपरला त्यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्या माधुरीच्या पार्लरमध्ये फेशियलला येत. अकरा वर्षं हे चाललं होतं.

"विचार ना."

"माझ्या एका कस्टमरच्या गळ्याला गाठ आलीय. कशाने येते ती?"

"सर्दी-खोकल्याने. माझ्याकडे रोज येतात तसली मुलं. जाते आपोआप."

"सर्दी नाहीये तिला."

"मग तपासावं लागेल. पाठव कोणाकडे तरी."

माधुरीचे हात थांबले. "हेच ना! बघू, तपासू, टेन्शन घेऊ नका. माझ्या आईच्या वेळी पण सगळे डॉक्टर हेच बोलत राहिले. शेवटपर्यंत कोणी धड सांगितलं नाही. तुम्ही तरी सरळ सांगा."

डॉक्टरांनी डोळे उघडले. माधुरीने गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती. एसी चालू होता खरा, पण एवढाही गारठा नव्हता.

"कुठे आहे गाठ?"

"गळ्याखालच्या हाडाच्या वर खळगा असतो ना, तिथे. डावीकडे."

"दुखते?"

"नाही."

"दाबली तर सरकते?"

"नाही. घट्ट आहे. मागच्या महिन्यात वाटाण्याएवढी होती. आता सुपारीएवढी."

"वजन?"

"उतरलंय."

डॉक्टर उठून बसल्या. गालांवरचं क्रीम तसंच होतं.

"महिनाभर काय केलंस मग?"

"मला वाटलं, जाईल." माधुरीचा आवाज बारीक झाला. "काय असेल हो?"

"हे बघ, गळ्यातल्या बऱ्याचशा गाठी साध्या असतात. पण या जागची, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ साधी धरून चालायचं नाही. टीबी असू शकतो. कॅन्सर असू शकतो. नुसता हात लावून कोणी सांगू शकत नाही, मी पण नाही. आधी सोनोग्राफी, मग गाठीचा तुकडा काढून तपासायचा. काय आहे ते कळलं की औषध ठरतं. दोन्हींवर उपचार आहेत, वेळेत गेलं तर."

"आणि ती म्हणाली, कामातून वेळ नाही, तर?"

"म्हणावं, वेडेपणा करू नकोस. उद्याच्या उद्या जायचं."

"एकदम सरळ बोललात," माधुरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

डॉक्टरांनी तिचा क्रीमने माखलेला हात हातात घेतला. आता त्यांची खात्रीच पटली होती. त्यांनी पर्समधून पॅड काढलं. मरोळला त्यांची एक सर्जन मैत्रीण होती. तिच्या नावाने त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"सकाळी दहाला पोचायचं. मी तिला आत्ताच फोन करते. घाबरायचं नाही, काय?" पेशंटच्या नावापाशी त्यांचं पेन थांबलं. "कस्टमर-बिस्टमर सोड आता. तुझंच नाव लिहू ना?"

माधुरीने नकारार्थी मान हलवली.

"सुलक्षणा रेगे," ती म्हणाली. "वय तुम्ही घाला, मॅडम."