पडदा ओढणारा सम्राट

सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या नाटकात सारंगकडे फक्त पडदा ओढायचं काम होतं. तो बोलताना अडखळायचा, म्हणून संवाद कुणी दिलेच नव्हते. नाटक होतं रोमच्या क्लॉडियसचं. तोतरा, खुळा म्हणून घरच्यांनी अडगळीत टाकलेला हा माणूस सम्राट झाला आणि त्याने तेरा वर्षं राज्य केलं. प्रयोगाच्या सकाळीच नायकाला त्याच्या नोकरीतल्या कंपनीने तातडीने जहाजावर धाडलं. दिग्दर्शिका प्रणिताने पानांचा मुकुट सारंगपुढे धरला. "तुला सगळे संवाद पाठ आहेत." "अगं, मी अ-अडखळतो!" "तोही अडखळायचा. चल." राज्याभिषेकाच्या प्रवेशात पहिल्याच शब्दाला जीभ अडली. सभागृहात तोच शाळेपासून ओळखीचा हशा पिकला. या वेळी मात्र त्याने मान खाली घातली नाही. हसणाऱ्यांकडे तो शांतपणे बघत राहिला. सारे गप्प झाले, तसा सिंहासनावर रेलून म्हणाला, "हसून झ-झालं असेल, तर राज्य सुरू करू."