खुरासणीची रेघ

दर अमावास्येला सगुणाबाई कडकडीत उपास धरायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटीच गावच्या दवाखान्यात यायच्या. पोट रिकामं राहिलं की अंगात साठलेली चरबी सुटते, प्रथिनांच्या पाठीवर बसून रक्तात फिरते, आणि त्यातली कुठली कुठल्या तेलातुपाची, हे तिथलं यंत्र सांगायचं.

नर्स रेश्माने त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. पडद्यावर सोयाबीनची रेघ उमटली, म्हशीच्या तुपाची उमटली आणि सगळ्यात खाली एक बारीकशी, खुरासणीची.

"आले बाई मालक!" सगुणाबाई हसल्या.

मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, घाण्यावर काढलेलं खुरासणीचं शेवटचं तेल संपून चार वर्षं झाली होती. ते गेले, घाणा थांबला, गावात खुरासणी पेरणंही थांबलं. बरणीतलं तेल संपलं होतं, अंगातलं तेवढं उरलं होतं.

"आजी, रेघ मागच्यापेक्षा निम्मी झालीय," रेश्मा हळूच म्हणाली.

"ती कशानं गं?"

"तुमच्या उपासानं. प्रथिनं ते तेल उचलतात, हातापायांना नेऊन देतात, आणि तिथं ते जळून जातं."

सगुणाबाई रेघेकडे बघत राहिल्या. दर महिन्याला आपणच बोलावलं, आणि आले तेवढे आपणच जाळले.

त्यांनी पिशवीतून भाकरी काढली आणि तिथंच बाकावर बसून घास मोडला.

"तो पडदा बंद कर, पोरी," त्या म्हणाल्या. "आता नाही बोलवायची त्यांना. असू देत घरातच."