डागी माल

बाहुल्या पारखायला आलेल्या लोरेन्ट्ससाहेबांनी सतरावी बाहुली पालथी केली, केसांचा टोप उचलला, मानेवरचा साच्याचा आकडा वाचला आणि खाली ठेवली. हीसुद्धा इथली नव्हे.

त्या जर्मन खेड्याच्या सभागृहातल्या बायकांचे चेहरे उतरले. एक तरी बाहुली गावच्या जुन्या चिनीमातीच्या कारखान्यात भाजलेली ठरली, तर त्याची इमारत राहणार होती. नाहीतर सोमवारी ती पाडून तिथं मोटारी उभ्या करायचं ठरलं होतं. म्हणून जिनं तिनं घरातली देखणी बाहुली आणली होती. इर्मगार्डनं आपली वडिलोपार्जित म्हणून पुढं केली. ती जुन्या बाजारात घेताना हेडविगआजी शेजारी उभ्या होत्या. पण आज त्यांनी तोंड मिटून घेतलं.

हेडविगआजी एकट्याच रिकाम्या हातानं आल्या होत्या. त्यांच्या आईनं त्या कारखान्यात एकोणीस वर्षं भुवया रंगवल्या. साहेबांनी विचारलं, तुमच्याकडं काहीच नाही?

"आहे एक. चारचौघांत आणण्यासारखी नाही. एक भुवई कपाळावर चढलेली, गालावर भट्टीचा काळा डाग."

"मग ठेवलीत कशाला?"

"साहेब, चांगला माल आमच्या आयांना कोण नेऊ देणार? तो झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडून बोटीनं अमेरिकेला जायचा. डागी मुंडकं तेवढं घरी यायचं. त्याला पिठाच्या पोत्याचं धड शिवायचं, की झाली आमची बाहुली."

साहेबांनी चष्मा काढला. मग पिशवीतून चिनीमातीचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. कारखान्यामागच्या खड्ड्यात सापडलेली अर्धी मान. तिच्यावर आकडा होता, ४१७.

"आजी, ती घेऊन या."

आजी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या. टोप त्यांनी स्वतःच उपटला. मानेवर ४१७.

टाळी कुणी वाजवली नाही. इर्मगार्डनं आपली बाहुली काखेत मारली आणि निघून गेली. तिच्यामागं एकेक करत सगळ्याच गेल्या. बायका दुखावल्या की काय, असं साहेबांना वाटलं. आजींनी त्यांच्यापुढं आलुबुखाराचा केक सरकवला आणि बसा म्हणाल्या.

दुपारपर्यंत परत आलेल्या बायकांची रांग जिन्याखाली पोचली. कुणाची बाहुली कान नसलेली, कुणाची ओठ हनुवटीवर उतरलेली, सगळ्यांच्या अंगावर माळ्यावरची धूळ.

पुढच्या बाईला कोपरानं बाजूला सारत इर्मगार्ड म्हणाली, "सरक गं. तुझीपेक्षा माझी जास्त बिघडलीय."