दोन शब्द

पुतण्याने अग्नी दिला, बुद्धवंदना झाली आणि सगळ्यांच्या माना देवानंद गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अडीच. चार वाजता कारंज्याला त्यांचा सत्कार होता. कुठल्याशा मंडळाने जिल्ह्यातली असामान्य व्यक्तिमत्त्वं निवडली होती, त्यात गुरुजींचं नाव होतं. शेलूबाजारहून ठरवलेली जीप स्मशानभूमीच्या फाटकाशीच यायची होती. पण गुरुजी या पायावरून त्या पायावर होत होते, त्याचं कारण जीप नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

सरण पेटलं की शोकसभा आणि शोकसभा म्हटली की गुरुजी, हा गावाचा पंचवीस वर्षांचा रिवाज. सरपंच गेले तेव्हा ते पाऊण तास बोलले होते. जन्मभर शेजाऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरत आलेल्या एकाला तर त्यांनी भूमिपुत्र ठरवलं होतं. शेवटचं वाक्य ठरलेलं, असा माणूस पुन्हा होणे नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, मग भले मेलेल्याशी त्यांचं वर्षभर बोलणं नसो.

पण आज सरणावर देवमन होता. शाळा चौथीपर्यंत, शेत दोन एकर, तेही कोरडवाहू. मूलबाळ नाही. ना कधी निवडणुकीला उभा राहिला, ना कुठल्या समितीत बसला. काल शेतात विळ्याने तूर सोंगताना पाणी प्यायला धुऱ्यावर टेकला, तो उठलाच नाही. सकाळी त्याची बायको दुर्गाबाई गुरुजींच्या दारात आली होती. रडत नव्हती. तिने एवढंच मागितलं होतं.

"तुमी समद्यायच्या मयतीत बोलता, गुरुजी. आमच्या मानसासाठीबी दोन शब्द बोलजा. पन खरे बोलजा."

ते 'खरे' सकाळपासून गुरुजींचा पिच्छा सोडत नव्हतं. त्यांनी चार घरी विचारून पाहिलं. देवमनचं काही सांगण्यासारखं? लोक डोकं खाजवत. माणूस चांगला, कोणाच्या अध्यात ना मध्यात, इथेच गाडी अडायची. त्याचा शेजारी राजपाल बराच विचार करून म्हणाला, की तो बसून राहायचा, नुसता बसून राहायचा. कुठे, हे गुरुजींनी विचारलं नाही. बसून राहण्यावर काय भाषण करणार?

आता ते बोलायला लागले. साधा, सरळ, मनमिळाऊ. पुढे काही सुचेना. नजर शब्द शोधत भिरभिरायला लागली. शेडचे पत्रे, पाण्याची टाकी, खांबाला टेकवलेला एक लांब बांबू, एका टोकाला जळून काळा पडलेला. बायांमध्ये बसलेली दुर्गाबाई. ती त्यांच्याकडेच पाहत होती. गुरुजींनी घाईघाईने ठेवणीतलं वाक्य काढलं. असा माणूस पुन्हा होणे नाही. मागे कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. दुर्गाबाईने मान खाली घातली. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन मिनिटांची शांतता दीड मिनिटात उरकली. फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. लोक कपडे झटकत उठले, चपला शोधायला लागले. गुरुजी सगळ्यांच्या पुढे. त्यांना तिथून एकदाचं सुटायचं होतं. तेवढ्यात सरणावरचं एक लाकूड कलंडून खाली आलं. आवाजाने चार जण थबकले. गुरुजींनी वळूनही पाहिलं नाही. दर वेळी म्हणायचे तेच म्हणाले.

"चाला रे. मांगं देवमन हाये."

कोणाचाच पाय पुढे पडला नाही.

पंचवीस वर्षं सगळं गाव हेच म्हणून इथून घरी गेलं होतं. भाषणं झाली की ज्याला त्याला काम असायचं. कोणाचं ओलीत, कोणाची एसटी. मग देवमन त्या खांबाशी बसून राहायचा. घसरलेलं लाकूड बांबूने आत सारायचा, कुत्री हाकलायचा आणि आग पुरती विझल्यावरच उठायचा. मेलेला भावकीतला असो की भांडलेला. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. हे काही काम आहे, असंही कोणाला कधी वाटलं नव्हतं. गुरुजींची आई गेली त्या दिवशी त्यांना पाहुण्यांचं पाहायचं होतं, म्हणून तेही याच वाक्यावर निघाले होते. आईजवळ शेवटपर्यंत कोण होतं, हे त्यांना आज फाटकात उभं असताना कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

जीपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. राजपालने हलकेच सत्काराची आठवण करून दिली.

"जाऊ दे त्या जीपले," गुरुजी म्हणाले. "आज मांगं कोनी नाही."

ते परत फिरले. खांबाचा बांबू उचलला. तो धरायचा कसा, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा ते लाकूड आत गेलं. मग ते खांबाशी, देवमनच्या जागेवर बसले.

बाया दुर्गाबाईला धरून नेत होत्या. तिने हात सोडवून घेतला आणि त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.

"खरं बोलले तुमी, गुरुजी," ती म्हणाली. "मांगं कोनी नाही, येवढंच बोलाचं होतं."