निळा अंगठा

“फ्लॉपी दे, सुपडू.”

“पह्यले मनं नाव टाक. मंग देसू.”

लिला हात पुढं करून उभी होती आणि सुपडूनं फ्लॉपी पाठीमागं धरली होती. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबच्या व्हरांड्यात ऊन पार दारापर्यंत आलेलं. आत लिलाच्या कोर्सची प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होती. वेब डिझाइन आणि इलेक्ट्रॉनिक पब्लिशिंग, असं लांबलचक नाव होतं त्या कोर्सचं. घरी आईला ते कधीच सांगता आलं नाही. लिला जळगावले टीवी शिकी राहिनी, असं ती गावात सांगायची.

तिचा धाकटा भाऊ सुपडू नववीतून शाळा सोडून दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आज सकाळी दलिचंद शेठचं शटर रंगवता रंगवता त्याचं डोकं फिरलं. ब्रश डब्यात टाकला, सायकल काढली आणि हात न पुसताच सरळ इथं आला. लिलाच्या हातातली फ्लॉपी त्यानं हिसकली तेव्हा तिच्या पांढऱ्या लेबलवर त्याचा निळा अंगठा उठला.

लिलानं आपल्या गावाची वेबसाइट केली होती. गाव, नदी, शाळा, माणसं. ही सगळी नावं तिनं सुपडूकडून पुठ्ठ्यावर ब्रशनं लिहून घेतली, फोटो स्टुडिओत स्कॅन केली आणि चित्रासारखी पानावर लावली. तेव्हा खाली तुझं नाव टाकते म्हणाली होती. काल रात्री सुपडूनं विचारलं, तर बघू म्हणाली.

“दुसरानं काम दिसनं का सर शून्य देतीन,” ती आता हळू आवाजात म्हणाली. “माले नापास करानं शे का तुले?”

“अक्षर मनं, नाव तुनं. वा वं अक्का.”

आतून तिचा नंबर पुकारला. लिलानं एकदा त्याच्या हाताकडं पाहिलं, ओढणी सारखी केली आणि रिकामीच आत गेली. तिनं भांडावं म्हणून सुपडू तयारीत उभा होता. आता कोणाशी भांडावं त्याला कळेना. तो खिडकीशी गेला, गज धरला, सोडला, परत धरला.

परीक्षा घ्यायला धुळ्याचे सर आले होते. जाड चष्मा, कपाळाला आठ्या. लिलाच्या पुढं बन्सीलाल नावाचा पोरगा होता, त्याचं पान अजून पडद्यावरच होतं. त्यात मराठीचं एक अक्षर नाही. नुसते कंस, टोप्या, आकडे, कोंबडीनं उकरल्यासारखं. ज्या फाँटात, म्हणजे अक्षरांच्या ज्या संचात, पोरांनी मराठी टाइप केलं होतं, तो सरांच्या कॉम्प्युटरवर नव्हताच. बन्सीलाल सांगत होता, सर, माझ्याकडं बरोबर दिसत होतं. त्याच्या आधीच्या सगळ्यांनीही हेच सांगितलं होतं. सरांनी त्याला बाजूला बसवलं. बन्सीलाल गळ्यापर्यंत लाल झाला होता.

“फ्लॉपी?” सरांनी लिलाला विचारलं.

लिलानं मान खाली घातली. सुपडू गजांवर दाबून उभा राहिला. आता ही माझं नाव घेणार. भावानं हिसकली म्हणणार. घे म्हणावं.

“विसरले, सर,” लिला म्हणाली.

“परीक्षेला फ्लॉपी विसरली?” सरांनी पेनचं टोपण काढलं.

सुपडूनं गजांतून हात आत घातला. “सर, ही बाहेर पडेल व्हती.”

लिला धावत खिडकीशी आली. फ्लॉपी घेतली, ओढणीनं पुसायला लागली, पण सरांनी हात लांब करून मागून घेतली. कॉम्प्युटरात सरकवली. तो बराच वेळ कुरकुरत राहिला.

मग पडद्यावर अक्षरं आली.

निळी, जाडजूड, मात्रा ऐटीत मागं टाकलेल्या. चित्रंच ती, त्यांना फाँट लागत नव्हता. सुपडूनं ती बारा ठिकाणी लिहिली असतील, शटरवर, ट्रकच्या फळ्यांवर, पण अशी उजेडात पेटलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. ‘शाळा’च्या शा खाली रंगाचा एक ओघळ आला होता. तेवढाच त्याला खुपला. बाजूला बसवलेली पोरं उठून बघायला लागली.

सर खुर्चीत पुढं सरकले. एक नाव दाबलं, दुसरं पान उघडलं. परत मागं आले. मघाच्या आठ्या कपाळावर राहिल्या नव्हत्या.

“छान आहे,” ते म्हणाले. “कोणता फाँट आहे हा? कोणाकडून आणला?”

लिला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सरांनी चष्मा वर सारला आणि तसाच हात समोर थांबवला. त्यांच्या अंगठ्याला निळा रंग लागला होता. त्यांनी तो बोटावर घासून पाहिला, पडद्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

“हा कोण?”

“माझा भाऊ आहे,” लिला म्हणाली. तिनं वर पाहिलं. “सर, ही अक्षरं यानंच—”

सुपडूनं दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले.

“डबा देवाले उनथू मी, सर,” तो घाईघाईनं म्हणाला. “माले आते जानं शे. दलिचंद शेठना शटरवर अर्धंच नाव लिखेल शे.”