डावी कड

बस थांब्यावर उभी होती आणि आक्का तिच्यापासून वीस पावलांवर. "जरा पाय उचला," सून म्हणाली. आक्कांनी उचलले, पण एकामागून एक, नेहमीसारखे. बस निघून गेली.

"जाऊ दे. दुसरी येईल," आक्का म्हणाल्या.

सुनेने कपाळाला हात लावला. तीस वर्षांच्या संसारात तिने सासूला उतू जाणाऱ्या दुधाकडेसुद्धा धावताना पाहिलं नव्हतं. आता आक्का एक्याऐंशीच्या होत्या, पण कारण वय नव्हतं. सून म्हणून घरात आली तेव्हाच तिला कारण कळलं होतं, तेही शेजारणींकडून, दबक्या हसण्यासकट.

आक्का पाळण्यात असताना त्यांचे वडील युद्धावर गेले आणि तिकडेच कामी आले. आक्का शाळेत असताना गावच्या थिएटरात त्या युद्धाची जुनी फिल्म लागली आणि तिच्यात वडील दिसले. सगळे शिपाई लगबगीने पुढे निघालेले आणि हा एकटा उलटा, कॅमेऱ्याकडे, तुरुतुरु पळत येतोय. एक हात बाहेर फेकलेला, मान वळवून बघतोय. थिएटर खो खो हसलं. चार सेकंदांचा मामला, पण शहिदाची बायको त्या दिवसापासून पळपुट्याची बायको झाली आणि आक्का पळपुट्याची पोर. "हळू चाल. लोकांना निमित्त नको," आई बजावायची. शाळेच्या शर्यतीत आक्का चालत गेल्या होत्या.

आता तीच फिल्म संग्रहालयाने दुरुस्त केली होती आणि पुढच्या महिन्यात नगरभवनात दाखवणार होते. पेपरात वाचून आक्कांनी पत्र धाडलं. उत्तर आलं, आधी एकदा येऊन पाहा.

दुरुस्तीच्या खोलीत आंबूस वास होता. हातात पांढरे सुती मोजे घातलेला कारागीर रीळ लावत होता. आक्कांना पाहायचं काहीच नव्हतं. त्या गळ घालायला आल्या होत्या.

"तेवढे चार सेकंद कापा हो," त्या म्हणाल्या. "तुमचं काय बिघडणार आहे?"

"आजी, कापलेलंच होतं. मी ते परत आणलंय." कारागिराने दिवा मालवला. "ही मूक फिल्म, हाताने दांडा फिरवून घेतलेली. थिएटरवाल्यांनी ती बोलपटाच्या मशीनवर चालवली. ते मशीन भरभर चालतं, म्हणून चालणारा माणूस पळताना दिसतो. शिवाय बोलपटाच्या फिल्मला डावीकडे आवाजाची पट्टी असते, म्हणून चित्राची डावी कड तिथे झाकली जाते. आता अख्खं चित्र बघा, मूळ वेगात."

शिपाई चालू लागले, माणसं चालतात तसे. त्यांच्यामधून वडील आले. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुढचं टाकायचं. बाहेर फेकलेल्या हाताच्या टोकाला, अगदी डाव्या कडेला, दुसरा हात होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक शिपाई पायाने जमीन चाचपत येत होता. वडील मान वळवून त्याच्या पावलांकडे बघत होते आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होते. आता सहा सेकंद लागले.

"परत लावा," आक्का म्हणाल्या.

त्याने सात वेळा लावलं. सातव्या वेळी आक्कांना रडू फुटलं. "आईने बघायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. सुनेने त्यांचा हात धरला. इतकी वर्षं शेजारणींच्या हसण्यात आपणही थोडं हसलो होतो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

"मग, कापू?" कारागिराने विचारलं.

"हात तर लावून बघा."

दोघी बाहेर आल्या तेव्हा पलीकडच्या थांब्यावर बस सुटायच्या बेतात होती. सून सवयीने जागीच थांबली.

"जाऊ दे, आक्का. दुसरी येईल," असं म्हणत तिने शेजारी पाहिलं. शेजारी कोणी नव्हतं. आक्का पिशवी काखोटीला मारून, भर रस्त्यात, चार लोकांदेखत पळत सुटल्या होत्या.