थोरल्याच्या उंचीचा माइक

हार्ड रॉक अल्बमसाठी धाकट्याने पाहुणे गायक बोलावले, कारण बँडचा गायक, थोरला भाऊ, भांडून गेला होता. कुणाला गरम पाणी लागे, कुणाला कौतुक. माइकचा स्टँड मात्र प्रत्येकजण आधी खाली करी. पाहुणा गेला की धाकटा तो पुन्हा थोरल्याच्या उंचीवर नेई. “ताडमाड भूत गाणार आहे का?” रेकॉर्डिस्ट चिडवी. धाकटा नुसता गिटार पुसत बसे. हळव्या चालीचं शेवटचं गाणं थोरल्यासाठी राखलं होतं. ‘आज ये’ असं कळवलंही होतं. दिवसभर दार वाजलं नाही. “तूच गा बाबा, उद्या स्टुडिओ दुसऱ्यांचा,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. धाकटा उभा राहिला. माइक कपाळाशी आला. “अरे, खाली घे की.” “राहू दे. मधेच दादा आला, तर रुसायला आणखी कारण नको.” टाचा उंचावून, दाराकडे बघत तो गाऊ लागला.